विद्यापीठात खुली साहित्यवाचन मालिका: सुरू कशी करावी, टिकवावी कशी

प्रश्न थोडक्यात असा आहे. विद्यापीठाच्या साहित्य विभागाला लेखक-कवींच्या वाचनाची मालिका सुरू करायची आहे, दर महिन्याला एक वाचन, आणि ते विद्यापीठाबाहेरच्यांनाही खुले. लेखक कसे निवडावेत, वाचनाला किती वेळ द्यावा, विद्यार्थ्यांना हजेरी सक्तीची करावी का, बाहेरचे लोक यावेत म्हणून काय करावे, ध्वनिमुद्रण करावे का, आणि हे सगळे दोन वर्षांत बारगळू नये म्हणून काय काळजी घ्यावी?

अशा मालिकांच्या संयोजनात बराच काळ घालवल्यावर माझे मत असे झाले आहे की शेवटचा प्रश्न आधी सोडवावा. पैसे संपले म्हणून बंद पडलेल्या मालिका मी फार थोड्या पाहिल्या. बहुतेक बंद पडतात त्या प्रत्येक वाचन हा स्वतंत्र समारंभ मानल्यामुळे. दर वेळी नवी तारीख शोधायची, रिकामे सभागृह शोधायचे, नवे निमंत्रण छापायचे, नव्या पाहुण्यांची मर्जी सांभाळायची. चार वाचनांनंतर संयोजक थकतो आणि श्रोत्यालाही पुढचे कधी ते कळत नाही. मालिका उभी राहते ती श्रोत्याच्या सवयीवर. एका मोठ्या लेखकासाठी सभागृह भरते, पण पुढच्या महिन्यात त्यातले किती परत येतात हे बघा. तो आकडा खरा.

म्हणून वार, वेळ आणि खोली या तीन गोष्टी वर्षभर बदलायच्या नाहीत. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली परिसरात कवी रॉबर्ट हास यांनी १९९६ साली ‘लंच पोएम्स’ सुरू केले. त्याची बांधणी पाहण्यासारखी आहे: महिन्याचा पहिला गुरुवार, ग्रंथालयातले एकच दालन, दुपारी १२ वाजून १० मिनिटांनी सुरुवात आणि १२:५० ला समाप्ती. चाळीस मिनिटे. पुढच्या तासाला जायचे आहे तो विद्यार्थी बसू शकतो, मधल्या सुट्टीतला कार्यालयीन कर्मचारी बसू शकतो, आणि विद्यापीठाशी काही संबंध नसलेला वाचक पुढच्या महिन्याची वेळ कुणाला न विचारता लक्षात ठेवू शकतो. तुम्ही दुपारच घ्यावी असे नाही. बाहेरचे लोक हवे असतील तर संध्याकाळ बरी. पण एकदा ठरवले की कुलगुरूंच्या सोयीसाठीही हलवू नका. आणि वर्षाला बारा वाचनांचा हट्ट सोडा. परीक्षा, प्रवेश आणि सुट्ट्या यांचे महिने वगळून सहा ते आठ वाचने होतात, तेवढी पुष्कळ.

खोलीबद्दल दोन गोष्टी. पहिली, लहान घ्या. पन्नास खुर्च्यांच्या खोलीत चाळीस माणसे बसली की लेखकाचा आवाज उघडतो. तीनशेच्या सभागृहात ऐंशी माणसे मागच्या रांगांत विखुरतात आणि पुढच्या रांगा मान्यवरांसाठी राखून रिकाम्या राहतात. विद्यापीठांना मोठे सभागृह वापरण्याची ओढ असते, कारण त्याचे छायाचित्र चांगले येते. ती ओढ आवरा. दुसरी, आवाज रिकाम्या खोलीत तपासून समाधान मानू नका. रिकामी खोली घुमते, माणसे बसली की तोच आवाज शोषला जातो. त्यामुळे दुपारी तपासताना ठीक वाटलेली पातळी संध्याकाळी मागच्या रांगेला कमी पडते. वाचन सुरू झाल्यावर पहिल्या दोन मिनिटांत शेवटच्या रांगेतल्या आपल्या माणसाने हाताने खूण करायची, एवढी साधी व्यवस्था पुरते. ‘मागे ऐकू येतंय का?’ असे लेखकाला विचारावे लागणे ही संयोजकाची कमतरता.

मायक्रोफोन तोंडापासून साधारण वीतभर अंतरावर आणि किंचित तिरका ठेवायचा, म्हणजे प, फ, भ या अक्षरांचा फटका बसत नाही. वाचणारा माणूस मान खाली घालतो आणि ओळीच्या शेवटी वर बघतो, त्यामुळे भाषण करणाऱ्यापेक्षा त्याचे तोंड माइकपासून जास्त हलते. स्टँड उंचीला जमवता येणारे हवे. पुस्तक ठेवायचे टेबल मात्र उंच आणि रुंद नको. इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यांनी १८५८ पासून तिकीट लावून स्वतःच्या साहित्याची वाचने केली, तेव्हा आपल्यासाठी खास मेज बनवून घेतले होते. ते मुद्दाम हलके आणि मोकळे ठेवले होते, म्हणजे वाचणाऱ्याचे शरीर लोकांना दिसावे. चेहऱ्यावर आणि पानावर प्रकाश पडावा म्हणून गॅसच्या दिव्यांची चौकट सोबत फिरवत. आपल्याकडे दीक्षान्त समारंभाला शोभणाऱ्या लाकडी पेटीमागे लेखकाला उभे करतात, वरून फक्त कपाळ दिसते, आणि पानावर प्रकाश पाडण्याचा विचार कुणाच्या डोक्यात येत नाही. एक साधा वाचनदिवा आणा.

डिकन्स यांच्याकडून घेण्यासारखी त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वाचनाची संहिता. छापील पुस्तक जसेच्या तसे ते वाचत नसत. वाचनासाठी वेगळी प्रत करत, परिच्छेद गाळत, जोडवाक्ये बदलत, समासात खुणा करत. बोलावलेल्या लेखकांना मी हेच सुचवतो, आणि अनुभवी लेखक आधीच करत असतात. कादंबरीतले प्रकरण कानांसाठी लिहिलेले नसते. पानावर ‘ती म्हणाली’, ‘तो म्हणाला’ डोळा ओलांडून जातो, ऐकताना ते खटकतात. आठ पात्रे असलेला उतारा ऐकणाऱ्याला झेपत नाही. दोन पात्रांचा, एका जागी घडणारा, मागची कथा दोन वाक्यांत सांगता येईल असा भाग निवडायला सांगा, मोठ्या अक्षरांत सुट्या पानांवर छापून आणायला सांगा. पाने नवशिक्याकडून हमखास मागेपुढे होतात, तेव्हा क्रमांक घालायला सांगायलाही लाजू नका.

वेळ. गद्याला वीस ते पंचवीस मिनिटे, कवितेला पंधरा ते वीस. मोठ्याने, नीट थांबत वाचले तर वीस मिनिटांत साधारण दोन ते अडीच हजार शब्द होतात, म्हणजे लेखकाला शब्दसंख्या सांगितली तर तो घरीच मोजून येतो. ‘अर्धा तास वाचा’ म्हटले की पंचेचाळीस मिनिटे धरा, कारण लेखक वाचनाची मिनिटे मोजतो आणि मधल्या आठवणी मोजत नाही. कवितेत ही मधली बडबड कधीकधी कवितेपेक्षा लांबते. एखादी आठवण हवीच, लोकांना श्वास घ्यायला जागा मिळते. पण कवितेचा अर्थ आधी सांगून मग कविता वाचणारे कवी असतात, त्यांना बोलावण्यापूर्वी नम्रपणे सांगावे की आमचे श्रोते जाणते आहेत. वेळेचे पत्र आधीच पाठवा, त्यात मिनिटे लिहा, आणि समोरच्या रांगेत एक माणूस पाच मिनिटे उरल्याची पाटी घेऊन बसू द्या. यात अपमान काही नाही; मोठ्या लेखकांना तर ते आवडतेच.

एका संध्याकाळी किती लेखक? दोन. एकट्या लेखकाचा तास चांगला होतो तेव्हा फारच चांगला होतो, पण मालिकेचा कणा म्हणून जोडी बरी. एक नाव लोकांना माहीत असलेले, दुसरे पहिल्या-दुसऱ्या पुस्तकाचे. नवा आधी वाचतो, ओळखीचा नंतर. उलट केले तर मध्यंतरातच खोली रिकामी होते. जोडी ‘नामवंत आणि होतकरू’ अशी जाहीर मात्र करू नका. दोघांची नावे एकाच आकारात छापा, दोघांना वेळ सारखा द्या आणि मानधनही सारखे द्या. तीनपेक्षा जास्त नावे झाली की ते कविसंमेलन होते. त्याची मजा वेगळी, शिस्तही वेगळी: तिथे प्रत्येकजण टाळीसाठी एक हुकमी कविता आणतो. वाचन मालिकेत लेखकाला हळू, न गाजलेले, अर्धेकच्चेसुद्धा वाचायची मुभा असते, आणि विद्यापीठात हे व्हायला हवे. वेल्श कवी डिलन टॉमस यांनी ३ मे १९५३ रोजी हार्वर्ड विद्यापीठात आपले ‘अंडर मिल्क वूड’ हे नाटक एकट्याने वाचले तेव्हा ते पूर्णही झालेले नव्हते. म्हणून निमंत्रणात मी एक वाक्य घालतो: शक्य असल्यास अप्रकाशित काहीतरी पाच मिनिटे वाचावे.

निवडीचे काम पाच जणांच्या वर देऊ नये. एक-दोन प्राध्यापक, ग्रंथालयातले कुणीतरी, दोन विद्यार्थी. ग्रंथपाल घ्याच, कुठली पुस्तके खरोखर घरी नेली जातात हे विभागापेक्षा त्यांना जास्त ठाऊक असते. समितीने वर्षाची यादी एकदम करावी आणि मग ती यादी समोर ठेवून विचारावे: सगळेच कवी आहेत का, सगळे एकाच पिढीचे, एकाच शहराचे, एकाच प्रकाशनाचे आहेत का, बायका किती, अनुवादक एक तरी आहे का? एकेक नाव सुटे पाहिले तर प्रत्येक योग्यच वाटते, झुकाव दिसतो तो यादीत. विभागातल्या लिहित्या प्राध्यापकांचा प्रश्न नाजूक असतो. त्यासाठी नियम करा, मर्जीवर सोडू नका: विभागातल्यांचे वाचन वर्षातून एकदा, सगळ्यांचे मिळून. नियम लेखी असला की नाही म्हणण्याचे पाप कुणा एकाच्या माथी येत नाही.

अनुवादित साहित्याच्या वाचनाला अनुवादकालाही बोलवा. मूळ भाषेतले थोडेसे, दोन-तीन मिनिटे, आधी ऐकवावे आणि मग अनुवाद. सगळी कविता दोन्ही भाषांत सलग वाचली की निम्मी खोली निम्मा वेळ वाट बघत बसते. पडद्यावर अनुवाद दाखवायचा असेल तर ओळ-दर-ओळ बदलू नका, पूर्ण कविता एकदम दाखवा. नाहीतर सगळे वाचतात, ऐकत कुणीच नाही.

मानधन द्या, आणि शक्यतो त्याच दिवशी द्या. ‘आमच्या व्यासपीठावर येणे हाच सन्मान’ ही भाषा विद्यापीठांनी बंद करावी. वक्ता, परीक्षक, तज्ज्ञ यांना विद्यापीठ पैसे देते, मग लेखकालाच का नाही? लेखा विभागाला लागणारी कागदपत्रे, बँकेचा तपशील, करासाठीची माहिती हे सगळे निमंत्रण स्वीकारल्या दिवशीच मागून घ्या. कार्यक्रमानंतर मागितले की सहा महिने जातात आणि लेखक इतरांना ते सांगतो. कमी पैशातही सुरुवात होते. सॅन फ्रान्सिस्को स्टेट विद्यापीठातले पोएट्री सेंटर १९५४ साली रूथ विट-डायमंट यांनी सुरू केले ते कवी डब्ल्यू. एच. ऑडन यांच्या छोट्या देणगीच्या आधाराने. आता त्याला सत्तर वर्षे उलटून गेली. मात्र त्यावरून कुणी पाहुण्याने आपले मानधन देणगी म्हणून द्यावे अशी अपेक्षा धरू नये. ते ज्याने त्याने ठरवायचे.

प्रास्ताविक, स्वागत, सत्कार, मनोगत, अध्यक्षीय समारोप, आभार. विद्यापीठीय कार्यक्रमात लेखकाच्या वाट्याला जो वेळ येतो तो यांच्यामधून उरलेला असतो. यातले सगळे काढून टाका. ज्येष्ठ मंडळी नाराज होतील, एकदाच होतील. परिचय दोन मिनिटांचा, लिहून आणलेला. त्यात पुरस्कारांची यादी नको, ती पत्रकावर छापा. परिचय करून देणाऱ्याने पुस्तक वाचलेले हवे आणि श्रोत्याचा कान कुठे लावायचा हे त्याने सांगावे: या लेखिकेच्या वाक्याची लांबी ऐका, हा कवी प्रश्नचिन्ह न घालता प्रश्न विचारतो, असे काहीतरी. हे काम विद्यार्थ्यांना द्या. दोन मिनिटांचा चांगला परिचय लिहिणे ही समीक्षेची उत्तम तालीम आहे, आणि तो मुलगा किंवा मुलगी आपल्या दहा मित्रांना घेऊन येते. नावांचे उच्चार मात्र आधी लेखकालाच विचारून घ्यायचे.

आता हजेरी. सक्ती नको, हे माझे ठाम मत. सहीचा कागद फिरायला लागला की खोली लेखकाच्या विरोधात जाते. सही झालेली मुले मागच्या दाराने निसटतात, तो आवाज कवितेच्या मधोमध येतो, आणि जे मनापासून आले होते त्यांनाही आपण तासाला बसलो आहोत असे वाटते. त्याऐवजी वाचन अभ्यासक्रमाला जोडा. लेखकाचे एक पुस्तक महिनाभर आधी ग्रंथालयात चार-पाच प्रतींत ठेवा, एखाद्या वर्गाने त्यातला भाग शिकावा, आणि वाचनाच्या दिवशी दुपारी लेखकाने त्या वर्गाशी तासभर बोलावे. ही दुपारची बैठक बंद असावी, पंधरा-वीस मुलांची. तिथे मुले मूर्ख वाटणारे प्रश्न विचारू शकतात: पैसे किती मिळतात, घरचे काय म्हणाले, अडला की काय करता. संध्याकाळी हीच मुले न सांगता येतात. लेखकाला दिवसभर राबवू नये एवढे पथ्य पाळा, वर्ग आणि वाचन यांच्यात दोन तास मोकळे ठेवा.

बाहेरच्या श्रोत्यांसाठी ‘सर्वांना प्रवेश’ एवढे छापून भागत नाही. बाहेरच्या माणसाला विद्यापीठाचे फाटक अडवते. सुरक्षारक्षक विचारतो, कुठे, कुणाकडे? पाहुण्याला इमारतीचे नाव माहीत नसते, आत गेल्यावर सगळे एकमेकांना ओळखतात आणि आपणच परके असे त्याला वाटते. त्या संध्याकाळी फाटकावर कार्यक्रमाचा कागद द्या, फाटकापासून खोलीपर्यंत बाण लावा, दारात एक विद्यार्थी उभा करा. निमंत्रणावर इमारत, मजला, गाडी कुठे लावायची आणि कार्यक्रम किती वाजता संपेल हे लिहा. संपण्याची वेळ कुणी छापत नाही, पण शेवटची बस पकडायची असते त्याला तीच हवी असते. खोली तळमजल्यावर किंवा उद्वाहनाजवळ घ्या. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी वाचनाच्या मजकुराच्या दोन-चार छापील प्रती दारात ठेवा आणि कार्यक्रमानंतर परत घ्या. लेखकाची आधी परवानगी घेतली तर बहुधा कुणी नाही म्हणत नाही.

प्रश्नोत्तरे पंधरा-वीस मिनिटांची. पहिला प्रश्न संयोजकाने तयार ठेवावा, म्हणजे ती अवघड शांतता टळते. मग प्रश्नाऐवजी स्वतःचे मत मांडणारे गृहस्थ उठतील. ते सगळीकडे असतात, आणि पहिल्या रांगेत बसतात. फिरता माइक विद्यार्थ्याच्या हातातच राहू द्यावा, प्रश्नकर्त्याच्या हाती सोपवू नये. बराचसा उपाय तेवढ्याने होतो. हात वर असतानाच थांबा, उरलेले लोक पुस्तकांच्या टेबलापाशी लेखकाला गाठतात आणि खरी बोलणी तिथे होतात. पुस्तकविक्री विभागाने स्वतः करू नये, रोख पैशांचा हिशेब डोक्याला ताप होतो. पुस्तकविक्रेता बोलवा आणि त्याला महिनाभर आधी शीर्षके कळवा.

ध्वनिमुद्रण जरूर करा. माँट्रियलच्या सर जॉर्ज विल्यम्स विद्यापीठात १९६६ ते १९७४ या काळात काव्यवाचनाची मालिका झाली, ती रिळांवर मुद्रित केली होती. ते विद्यापीठ पुढे काँकॉर्डियात विलीन झाले, आणि त्या टेपा अनेक दशकांनी डिजिटल होऊन संशोधकांपर्यंत पोहोचल्या. मुद्रण करताना कुणाला हे ठाऊक नव्हते. तुमच्यासाठी तांत्रिक सल्ला एवढाच: आवाज कॅमेऱ्याच्या माइकवरून घेऊ नका, मिक्सरमधून, म्हणजे सगळ्या माइकचे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्रातून, थेट घ्या आणि खोलीतल्या हशा-टाळ्यांसाठी वेगळा माइक लावा. मूळ फाइल वेव्ह या न दाबलेल्या स्वरूपात जपा, लोकांना आकाराने लहान अशी एमपी-थ्री द्या. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या ‘पेनसाउंड’ या संग्रहाने सुरुवातीपासून एक तत्त्व धरले आहे की तासाभराची अखंड फाइल देण्याऐवजी प्रत्येक कवितेची सुटी फाइल असावी, तिला नीट नाव आणि तपशील असावा. शिक्षकाला वर्गात तीन मिनिटांची एक कविता ऐकवायची असते, तासभराच्या मुद्रणात ती शोधत बसायला तो तयार नसतो. हे तुकडे त्याच आठवड्यात करा, साठले की होत नाहीत.

परवानगी मात्र लेखी आणि तीन वेगळ्या चौकटींत घ्या: ध्वनिमुद्रण करू का, संग्रहात ठेवू का, इंटरनेटवर सर्वांसाठी टाकू का. लेखक पहिल्या दोनला हो आणि तिसऱ्याला नाही म्हणू शकतो, विशेषतः अप्रकाशित मजकूर असेल किंवा श्राव्य पुस्तकाचे हक्क प्रकाशकाला दिलेले असतील तर. अनुवाद वाचला असेल तर मूळ लेखक आणि अनुवादक दोघांची संमती लागते. प्रश्नोत्तरांत श्रोत्यांचे आवाज येतात, तो भाग जाहीर करणार असाल तर सुरुवातीलाच सांगा. थेट प्रक्षेपणाच्या मी विरोधात नाही, पण पहिले वर्ष नको. घरी बसून ऐकता येते म्हटल्यावर जवळचा श्रोताही घरीच बसतो, आणि तुम्हाला आधी खोली भरायची आहे.

राहिला संयोजक बदलण्याचा प्रश्न. एका उत्साही प्राध्यापकाच्या जोरावर चाललेली मालिका त्याच्या बदलीबरोबर किंवा निवृत्तीबरोबर संपते. म्हणून पहिल्या वर्षीच दोन नावे ठेवा, मुख्य आणि सह. निमंत्रणपत्राचा मसुदा, परवानगीचा नमुना, खोलीच्या आरक्षणाची पद्धत, आवाज सांभाळणाऱ्याचे नाव, आजवर कुणाकुणाला विचारले आणि कोण काय म्हणाले, हे सगळे विभागाच्या फायलीत राहावे, कुणाच्या खासगी ईमेलमध्ये अडकू नये. विभागाच्या अंदाजपत्रकात मालिकेला स्वतःचे लेखाशीर्ष मिळवा, रक्कम कितीही लहान असो. ‘किरकोळ कार्यक्रम’ या शीर्षाखालचे पैसे मार्चमध्ये भलतीकडे जातात. आणि संयोजक बदलायचा तर वर्षाच्या मध्ये बदला, दोन वाचनांच्या मधल्या आठवड्यात, म्हणजे जुना माणूस उरलेल्या वाचनांना श्रोता म्हणून हजर असतो आणि फोन केला तर सांगू शकतो की आवाजाच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते.